आईच्या आवाजाचा वेग

"वाजवू?" दार्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घंटा हलवलीसुद्धा.

"अहो मावशी, थांबा! मशीन सुरू तर करू द्या," इल्मारी वैतागला.

"मग कर की लवकर! सकाळपासून तुझी कॉफी पिऊन पिऊन पोटात आग पडलीय."

दार्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा खुर्चीत येऊन बसायची. रेनडिअरच्या गळ्यातली ही जुनी घंटा घेऊन ती फिनलंडच्या उत्तर टोकाच्या सेवेत्तियार्वी गावाहून इनारीच्या ध्वनिसंग्रहालयात आली होती, ती आईपायी. आई, मात्रोना, क्षयाने गेली तेव्हा दार्या दोन वर्षांची. चेहरा आठवत नाही, फोटो नाही. आई म्हणजे एक ध्वनिफीत, बस्स. कुणा संशोधकाने भर हिवाळ्यात घरी येऊन टेप केलेलं गाणं. स्कोल्ट सामी लोक माणसाच्या आयुष्यावर गाणं रचतात, तसं हे दार्याच्या आजोबांवरचं. पातळ, उंच, भरभर आवाज आणि मध्येच खुदखुद हसू. त्या हसण्यावर दार्याने साठ वर्षं काढली. बालवाडीतल्या पोरांनाही तिने गाणं तसंच शिकवलं. त्या जागी हसायचं म्हणजे हसायचं!

इल्मारी सामीसारख्या, उरल कुळातल्या भाषांच्या जुन्या फिती तपासायचा. स्वर किती लांबतो, आवाज किती चढतो, सगळं मोजायचा. त्यानेच फोन केला होता. "मावशी, फितीच्या वेगाची मला शंका आहे. मागे कुठेतरी घंटा वाजतेय. आहे का हो ती अजून?"

होती, थोरल्या भावाकडे. वास्कोने द्यायला बरीच का-कू केली. "काय करायचंय मोजून? आहे ते बरं आहे ना," म्हणाला.

घंटा वाजवून झाल्यावर इल्मारीने तिचा आताचा आणि फितीतला आवाज पडद्यावर एकाखाली एक मांडले आणि मान खाजवली.

"घंटेचा सूर काही वयाबरोबर बदलत नाही, मावशी. फितीतली घंटा मात्र चांगलीच चढी लागतेय. थंडीने त्या मशीनच्या बॅटऱ्या गारठल्या असणार. फीत तेव्हा हळू फिरली, म्हणून आता सगळं भरभर पळतंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आईंचा आवाज असा नव्हता."

"गप रे! मोठा आलाय मला माझी आई शिकवायला!"

ती तरातरा व्हरांड्यात गेली. तिने वास्कोला फोन लावला.

"खरं सांग, आई हसायची का रे गाताना?"

वास्को म्हणाला, "तू सारखी विचारायचीस, आई कशी होती, कशी होती. मी दहा वर्षांचा पोर, काय सांगणार होतो? म्हटलं, हसायची. ऐकू नकोस, दार्या. घरी ये."

दार्याने फोन बंद केला. वास्कोचा राग आला आणि त्याच दमात त्याची भयंकर कीवही आली. एवढी वर्षं एकट्याने कसं पोटात ठेवलं असेल त्याने? ती आत येऊन बसली.

"लाव."

"नक्की?"

"लाव म्हणते ना!"

इल्मारीने वेग घंटेशी जुळवून फीत लावली. आवाज आला तो जड, दमलेला. गाणं ओळखीचं, बाई अनोळखी. ओळ पुरी व्हायच्या आत श्वास संपत होता. आणि मग ती जागा आली. खोल, छातीतून खरवडून निघालेला खोकला. थांबतच नव्हता. इल्मारीने बंद करायला हात पुढे केला. दार्याने तो बाजूला सारला.

आपली आई तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती, हे तिच्या आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं. आपल्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान.

तिचा हात आपसूक स्पीकरच्या पाठीवर गेला आणि वरून खाली, वरून खाली फिरू लागला.

"हळू गं पोरी," ती पुटपुटली, "हळू. कुणाला घाई नाहीये."