नाव, गाव, कूळ

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतले बाक तुमच्या ओळखीचे असतील, पण मी वकील घडवणाऱ्या कॉलेजातला, त्यामुळे माझी ऐट जरा जास्त. रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं विधी महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सर्वांत मागे, खिडकीपाशी उभा असायचो.

माझा जन्म श्रीवर्धनच्या एका वाडीतला. सुपारीच्या बागेत मी फणसाचं झाड होतो. बाग वाढवायची म्हणून मला तोडलं आणि रघू सुताराने रंधा मारून मला बाकाचं रूप दिलं. एक पाय मात्र त्याने अंमळ आखूड कापला. तेव्हापासून कोणी वाकून लिहू लागलं की मी डुगडुगतो आणि पोरं रघूच्या नावाने खडे फोडतात. माझ्यावर बसून गेलेले काही जण आज न्यायाधीश आहेत. त्यांनी माझ्यावर कर्कटकाने कोरलेली नावं मी अजून मिरवतो.

मला खरी मौज वाटायची ती नवा वर्ग भरण्याच्या दिवशी. आमच्याकडे पदवी हातात असलेला कोणीही येतो, मग वय काहीही असो. यंदाचाच वर्ग घ्या. पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार पहिल्या बाकावर ताठ बसले होते. दारावरून प्राचार्य गेले तेव्हा हवालदारांचा हात सवयीने कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. म्हसळ्याची एक मुलगी होती, तिचे वडील आणि भाऊ आखातात. मिठागरात राबणाऱ्या घरातला सुजित होता. लेकरू सासूकडे ठेवून आलेली पेणची एक सून दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होती. पनवेलकडचा एक जण सगळ्यांना विचारत सुटला होता, "अरे यार, इधर कँटीन नहीं है क्या?" अशी माणसं एका छपराखाली लग्नातसुद्धा जमत नाहीत. कायदा शिकायला मात्र जमतात, याचं मला फार कौतुक होतं.

माझ्यावर दोघीजणी बसल्या. भक्ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुसरी साक्षी. ती रोह्याकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत वाढलेली. तिच्या पणजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

"वकिलीच्या वर्गात साक्षी! आयबापानं आधीच ठरवलं व्हतं काय गो?" भक्तीने विचारलं.

साक्षी हसली. मग थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाली, "मी दहावीत होते. बाबा कंपनीत गेले ते परत आलेच नाहीत. अपघात. नंतर साहेब लोक कागद घेऊन घरी आले. ते बोट दाखवतील तिथे आई सही करत गेली. काय लिहिलंय ते मलासुद्धा कळलं नाही. आता कळून घेणार."

भक्तीने साक्षीचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला. माझी फळी त्या दिवशी अभिमानाने फुगली असती, पण फणसाचं लाकूड फुगत नाही.

तेवढ्यात घरत सर आले. सर चांगला माणूस, हे आधीच सांगतो. जमिनीचा कायदा शिकवावा तर त्यांनीच. त्यांचे आजोबा खोताचं कूळ होते. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस. अशा कुळांची नातवंडं आज काळा कोट घालतात याचा सरांना इतका आनंद, की नव्या वर्गाला ते पहिल्याच दिवशी विचारायचे, "नाव, गाव, कूळ!" आणि "आम्ही कूळ, सर!" असं ऐकलं की पोराच्या पाठीवर थाप मारायचे.

पण मित्रांनो, कूळ म्हणजे घराणंही. आणि घराणं विचारणाऱ्याला पुष्कळदा जात हवी असते. वसाहतीत वाढलेल्या, शेताचा बांध न पाहिलेल्या साक्षीला कूळ या शब्दाचा हा दुसराच अर्थ ठाऊक होता.

"आज मागून सुरुवात," सर हसत म्हणाले. "मागचे नेहमी निसटतात. हां, बोल ताई. नाव, गाव, कूळ."

साक्षी उठली. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबली.

"आणि कूळ?"

"ते कशाला हवं, सर?"

"अगं, त्यात लाजायचं काय? ताठ मानेनं सांगावं!"

साक्षीचा हात माझ्या फळीवर होता. तिने तो काढून घेतला. "मी लाजत नाही," ती म्हणाली. "पण ते सांगायला मी इथे आले नाही." तिने पिशवी उचलली आणि ती दाराबाहेर पडली.

सर गोंधळले. "काय ही हल्लीची मुलं," असं पुटपुटून त्यांनी सुजितकडे बोट केलं. सुजित छाती काढून ओरडला, "सर, आम्ही अस्सल कूळ! आज्यानं खोताला कोर्टात रडवला!" सगळा वर्ग खो खो हसला. साक्षी तेव्हा जिन्यातच होती. तिला फक्त हसणं ऐकू गेलं असणार.

भक्तीला चुटपुट लागली. तिने फोन हातात घेतला. "असंल घरचा कायतरी," ती स्वतःशीच म्हणाली. "आपन कशाला नाक खुपसाचा?" आणि तिने फोन पिशवीत टाकला. साक्षी दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही आली नाही. मी रोज दाराकडे बघत होतो. मला किती सांगावंसं वाटत होतं, ते तुम्हांला कसं कळणार!

दिवाळीनंतर वर्गात लोखंडी बाक आले आणि माझी रवानगी ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात झाली. आता माझ्यावर छत्र्या, पार्सलं आणि वाट बघणारी माणसं असतात. असंच एकदा साक्षीचे मूळ दाखले ऑफिसातून परत घेऊन तिची आई, केसर, माझ्यावर येऊन बसली. घरत सर तिथून जात होते. तिच्या हातातले दाखले पाहून त्यांनी सहज विचारलं, "मुलीनं कॉलेज का सोडलं, ताई?"

सर कोण आहेत हे केसरला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पयल्याच दिवशी मास्तरानं सगल्यांदेखत कूळ इचारलान. जात काढायचीच व्हती तर दाराशीच काढायची. वर्गात बसवून कशाला?"

सरांचा चेहरा उतरला. ते माझ्यावर, तिच्या शेजारी बसले. "ताई, तो मास्तर मीच. मी जमिनीचं कूळ विचारत होतो. खोताची जमीन कसणारं."

केसर हळूच म्हणाली, "आमी कूळच की वो. माजी सासू खोताच्या खाजणातल्या शेतात भाताची लावणी करायची. पन आमी पोरीला ता कदी सांगितलाच न्हाय. शेत सुटला तवा ते शब्दबी सुटले."

"तिला परत पाठवा. मी स्वतः बोलतो तिच्याशी."

"तिची जागा दुसऱ्याला गेली, सर. आताच आत सांगितला."

"मग पुढच्या वर्षी."

"पुढल्या वर्षी धाकट्याचा कालेज हाय. ती कंपनीत लागली. ज्या फाटकातनं तिचा बाप परत आला न्हाय, त्याच फाटकातनं जाते." केसरने पदराने तोंड पुसलं. "आता ह्या तिला सांगू का नको? सांगितला तर एका शब्दापायी सगला घालवला म्हणून जीवाला लावून घेल. न्हाय सांगितला तर जल्मभर तुमाला शिव्या देल."

"देऊ दे शिव्या," सर म्हणाले. "नका सांगू."

दाखले छातीशी धरून केसर फाटकाकडे गेली. तिने घरी जाऊन सांगितलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. सर मात्र तास बुडाला तरी माझ्यावरच बसून होते. एवढ्या वर्षांत अनेक माणसं माझ्यावर बसली, पण इतकं जड कोणी लागलं नव्हतं.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा पाय नीट करा, असं सांगायला मी ही हकीकत सांगितली नाही. मी आणखी चार पावसाळ्यांनी चुलीत जाईन, त्याचं मला दुःख नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या बाकावरची मुलगी बोलता बोलता एकदम गप्प झाली, पिशवी उचलून निघाली, तर तिच्या मागे जा. "काय झालं गं?" एवढं तरी विचारा. मी तिच्याजवळच होतो, मला सगळं कळत होतं, पण मी लाकूड आहे. तुम्ही तर नाही ना?