रकान्यात नसलेलं भेदरं

तनुजा मॅडमना नोकरीत एकवीस वर्षं झाली होती आणि पोरांना वाचायला कसं शिकवायचं, हे त्यांना आतापर्यंत पाच वेळा नव्याने समजावण्यात आलं होतं. आधी बाराखडी घोकून घ्या. मग बाराखडी हा पोरांचा छळ आहे, अख्खा शब्द दाखवा. मग पुन्हा अक्षरं, पण गटागटाने. यंदा चित्रकार्डं. प्रशिक्षणातला चहा तेवढा एकवीस वर्षं एकाच पद्धतीचा होता.

आज तेच प्रशिक्षण देणारे वीरेंद्र सर दुसरीच्या पोरांचं वाचन तपासायला आले होते. फाटकाशी दुसरीतल्या वैष्णवीचा बाप जगदेव उभा. त्याची भाजीची वाडी. माल अनसिंगच्या बाजारात जायचा. सकाळीच तो म्हणाला होता, "मॅडम, पोरीले वाचता येते का नाई, तेवढं सांगा. येत नसन तं कायले धाडू? मायसंग भाजी तरी तोडन."

सरांनी वैष्णवीसमोर कार्ड धरलं. वर लालभडक चित्र, खाली 'टोमॅटो'.

"भेदरं!" वैष्णवी म्हणाली. तिच्या घरी टोमॅटोला भेदरंच म्हणत; कालच टोपलंभर तोडली होती तिने.

"चूक. चित्र पाहून बोलते. वाचत नाही."

"सर, चित्र पाहूनच बोलू द्या, असं जूनमध्ये तुम्हीच सांगितलं होतं." मॅडमनी दमल्या हाताने चित्रावर अंगठा ठेवला. "आता वाच गं."

"टो... मॅ... टो."

"अर्थ?" सरांनी विचारलं.

वैष्णवीने मॅडमचा अंगठा सरकवून पाहिलं. "भेदरंच तं हाये, सर! मंग झाकलं काहून?"

सरांनी मार्गदर्शिका उघडली. उत्तराच्या रकान्यात भेदरं नव्हतं. "मला समजतं हो मॅडम, पण अ‍ॅपमध्ये तसा पर्याय नाही," म्हणत त्यांनी मोबाइलवर बोट दाबलं.

वैष्णवी त्यांच्या कोपराखालून मोबाइलात डोकावली. "प्रा... रं... भि... क. प्रारंभिक म्हंजे काय जी, सर?"

अ‍ॅपच्या भाषेत प्रारंभिक म्हणजे एकही अक्षर न वाचता येणारं मूल. "आता सबमिट झालं," एवढं म्हणून त्यांनी पाणी मागितलं.

मॅडम फाटकाशी गेल्या.

"काय निंगालं?" जगदेवने विचारलं.

"सरांच्या मोबाइलात तिला वाचता येत नाही, असं निघालं."

"अन् मोबाइलाच्या भाईर?"

"मोबाइलात काय लिहिलं, ते तिनंच वाचून दाखवलं."

जगदेव खांद्यावरचा दुपट्टा झटकून म्हणाला, "मंग राहू द्या तिले इथंच. सायबालेबी वाचून दाखवाले कोनीतरी पाह्यजे."