ओल्या कापसाचा गडी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि अमरावतीच्या कापसाला असा भाव आला, की शहाणीसुरती माणसंही कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवू लागली. चंद्रभान हमाल तर या कामात पटाईत. कापूस घेणारा इंग्रज साहेब गंजीत कोपरापर्यंत हात घालून ओल शोधायचा, पण चंद्रभानने भिजवलेला कापूस त्याला कधी सापडला नाही.

या साहेबाला एक भलतंच वेड होतं. लांबट चामडी चेंडू कवटाळून समोरच्या रेषेपलीकडे पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याला लोळवायचं. अकोल्याच्या हमालांशी सामना ठरला, तेव्हा त्याने गडी चक्क कापसाच्या काट्यावर तोलले. वजनदार गडी पुढे, खांद्याला खांदा भिडवून रेटा द्यायला. हलके मागे, पळायला. पुढच्यांना रोज तांब्याभर दूध, मागच्यांना शाबासकी.

चंद्रभान म्हणजे नुसती पऱ्हाटी, कापसाच्या झाडाची वाळकी काडी. पण दूध त्याला हवंच होतं. बायको कौशल्या नुकतीच बाळंत झालेली, तिचं दूध आटत चाललेलं, आणि घरात गाय नाही. शाबासकीने का बाळाचं पोट भरतं? मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. बंडीखाली ओला कापूस गच्च गुंडाळला, वर पोट फुटेस्तोवर पाणी प्याला आणि काट्यावर चढला. हातपाय काडीचे, पोट मात्र सावकाराचं. साहेबाला वाटलं, या मुलखात असंच असत असेल. चंद्रभान पुढच्या रांगेत गेला, धिप्पाड पंजाबरावाच्या बगलेत, आणि दुधाचा तांब्या घरी जाऊ लागला.

सामन्याच्या दिवशी त्याने पुन्हा कापूस गुंडाळला. अकोलेकरांनी असा रेटा दिला की चंद्रभानच्या अंगातून पाणी वाहू लागलं.

"अरे, हा तं मुतून राह्यला," म्हणत पंजाबराव बाजूला झाला. अकोलेकरही पाय झटकत मागे सरले. चेंडू मधेच पडलेला. चंद्रभानने तो उचलला आणि धूम ठोकली. बंडी फाटून गळाली, कापसाचे ओले पुंजके मागे पडत गेले, गडी हलका होत गेला. रेषेपलीकडे पोचला तेव्हा अंगावर धोतर तेवढं उरलं होतं.

अमरावती जिंकली. साहेबाने एक पुंजका उचलून पिळला आणि त्याला सगळं कळलं.

"उद्यापासून तू मागे," तो म्हणाला. चंद्रभानचं तोंड उतरलं. ते पाहून साहेब जरा नरमला. "बरं, दूध तुलाही मिळेल. पण माझ्यासमोर प्यायचं."

चंद्रभानच्या डोळ्यांपुढे बाळ आलं, आणि जीभ आपोआप चालली.

"पेलो तं जड होईन, सायेब. मंग पयीन कसा?"

साहेब विचारात पडला. दूध कबूल करून बसला होता आणि वजनाचा कायदाही त्याचाच, मोडणार कसा? तांब्या घरी न्यायची परवानगी मिळाली.

महिन्याभरात बाळ गुबगुबीत झालं, कौशल्याही चांगली भरली. चंद्रभान तेवढा पऱ्हाटीच राहिला. एका संध्याकाळी रिकामा तांब्या त्याच्या हातात देत ती म्हणाली, "सायबाले सांगा, पुढच्या रांगेत जागा असंन तं मले तोला. कापूस लागनार नाही."