रागाचा आकडा

सुलक्षणानं भाजलेलं वांगं लाकडी बडगीत टाकलं आणि मुसळी अशी हाणली, की मिरचीचा तुकडा उडून नणंदेच्या साडीवर पडला.

"हळू वं! भरीत कुटस का भांडस?" कमलबाई म्हणाली.

भांडायचंच होतं. पण शेतात भरीत पार्टीला सगळा गोतावळा जमलेला, त्यात सून नणंदेशी कशी भांडणार? कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती, पुरुष बांधावर गप्पा झोडत होते, आणि कमलबाईची नजर सकाळपासून भाचीच्या, दिपमालाच्या, लांब बाह्यांवर चिकटली होती.

"इतला ऊनमा फुल बाह्या? काय दपाडस वं पोरी?"

"कातडीचं औषध चालू आहे तिचं," सुलक्षणा म्हणाली. धुळ्यात वाढलेल्या सुलक्षणाला सासरची बोली समजायची, जिभेवर यायची नाही.

दिवाळीपासून ती हेच सांगत होती. दर शनिवारी मायलेकी एसटीनं धुळ्याला जायच्या, ते म्हणे कातडीच्या डॉक्टरकडे. जायच्या अफरीन मॅडमकडे, समुपदेशनाला. नववीतली दिपमाला स्वतःलाच इजा करून घेत होती. ते कळल्यावर बापानं तिच्या थोबाडीत मारली. आजी म्हणाली, "तुले काय कमी शे वं? बठ्ठं शे घरमा." सुलक्षणानं खोलीची कडी उचकटून काढली आणि पोरीला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. आईपणाची काय ती अक्कल!

"धोक्याच्या वस्तू दूर ठेवा, पण शपथा घालू नका," अफरीन मॅडमनी तिला चांगलंच सुनावलं होतं. "राग चढला की तुम्ही विचारायचं, किती? तिनं आकडा सांगायचा, शून्य ते दहा. उपदेश करायचा नाही. उतरेपर्यंत जवळ बसायचं."

नुसतं बसायचं! सुलक्षणाचं डोकंच सणकलं होतं. बसायला शिकायला धुळ्यापर्यंत यायचं? तरी ती बसायची. पोरगी म्हणायची "आठ", आणि ती दातओठ खात गप्प. पोरगी गार पाण्यानं तोंड धुवायची, उशी बदडायची, रडायची. बहुतेकदा आकडा उतरायचा. नाही उतरला, की मॅडमना फोन.

"म्हने कातडीनं औषध!" कमलबाई आता मोठ्यानं बोलत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माले मायनी बठ्ठं सांगेल शे. इनं लगन कसं व्हई, समजस का तुले? देखू दे तो हात."

तिनं दिपमालाची बाही धरली. पोरीनं हिसका देऊन हात सोडवला. बांधावरच्या गप्पा थांबल्या. तिचा बाप मान खाली घालून ढेकूळ फोडत बसला.

सुलक्षणानं मुसळी घट्ट धरली. नणंद, सासू, तो ढेकूळ फोडणारा, सगळ्यांचा तिला इतका संताप आला, की वांग्याचा लगदा झाला तरी ती हाणतच राहिली.

दिपमाला तिच्या शेजारी येऊन उकिडवी बसली.

"आई, किती?"

सुलक्षणाला आधी कळलंच नाही. हा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"दहा," ती म्हणाली. "दहा. आणि आजचाच नाही गं."

"बरं," दिपमाला म्हणाली. नुसती बसून राहिली.

"काय दहा? काय चालू शे तुमनं?" कमलबाईनं विचारलं.

जाळ खाली बसत आला. थोड्या वेळानं दिपमालानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, बडगीत दुसरं वांगं टाकलं आणि आईच्या हाताशेजारी मुसळी धरली. तिच्या हातावरचे जुने व्रण भर उन्हात सगळ्यांना दिसत होते. कमलबाईनं तोंड उघडलं.

"बसा, अक्का," सुलक्षणा म्हणाली. "बघायचं होतं ना? मग गप्प बसून बघा."

कमलबाई बसली.