प्लेटखालची भेग

मी पिकअप बोलतेय. अख्खी गाडी म्हणवून घ्यायची सोय आता उरलेली नाही. बोलतेय ती नुसती माझी चासी, खालचा लोखंडी सांगाडा. केबिन आणि हौदा समोर तेलाच्या रिकाम्या पिंपांवर चढवून ठेवलेत, नवं इंजिन कोपऱ्यात चादर पांघरून बसलंय. मला कापायला गॅस कटर आलाय, अंगावर खडूच्या रेघाही मारून झाल्यात. कापणारा हसन समोरच्या कॅफेटेरियात चहा प्यायला गेलाय. तो येईपर्यंत जमेल तेवढं सांगते.

जन्म माझा जपानचा. ब्याऐंशी साली बोटीतून ओमानला उतरले आणि सहम गावच्या खल्फान अर्बाबने मला घरी आणलं. अर्बाब म्हणजे मालक. इथे आलेला आपला माणूस हा शब्द सगळ्यात आधी शिकतो. खल्फानच्या बागेतली लिंबं, केळी, बकऱ्यांचा चारा, ईदेला नटलेलं सगळं घरदार, मी सगळं वाहिलं. माणसं गाडी अडली की आधी टायरला लाथ मारतात आणि मग त्याच गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून तिची मनधरणी करतात. खल्फानने मला कधी लाथ मारली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

हसन आला दोन हजार एक साली, दाभोळहून. वेल्डिंगचा हात सोन्यासारखा, तोंडात शब्द मोजके. खल्फानने गॅरेज त्याच्यावर सोपवलं आणि माझी किल्लीही. किल्ली कामापुरती, हे बोलून दाखवायची गरज दोघांनाही वाटली नाही.

दोन हजार दहा साली त्याची बायको रहिमा सहा वर्षांच्या मुनिबाला घेऊन गावाहून आली. एका शुक्रवारी दोघींना रुस्ताकचा गरम पाण्याचा झरा दाखवावा असं हसनच्या मनात आलं. अर्बाबला विचारावं असं मात्र आलं नाही. विचारलं आणि तो नाही म्हणाला तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. बिर्याणीचं पातेलं हौद्यात, तिघं केबिनमध्ये, आणि निघालो.

परतताना डोंगराकडचं आभाळ काळं झालं होतं. पुढे वादी आडवी आली. वादी म्हणजे एरवी कोरडं नदीपात्र. वर डोंगरात पाऊस पडला की पाणी अंगावर धावून येतं. दोन्ही काठांवर गाड्या थांबल्या होत्या. इथली माणसं अशा वेळी चटई पसरतात, खजूर काढतात आणि निवांत वाट बघतात. वाहत्या वादीत गाडी घालणं गुन्हा आहे, हे हसनलाही ठाऊक होतं. पण मगरिबच्या अजानीआधी, दिवस मावळायच्या आत, मला जागेवर उभी करायची होती. शिवाय खाडीकाठी वाढलेला माणूस, पाण्याला काय भिणार!

"घोट्याएवढा तर पाणी हाय," तो म्हणाला आणि मला आत घातली.

ते घोट्याएवढं नव्हतं. माझं मागचं अंग उचललं गेलं, मी आडवी फिरले आणि एका धोंड्यावर आदळले. मुनिबा किंचाळत होती, रहिमाने तिला खिडकीतून बाहेर उचलून धरलं होतं. मला ब्रेक होते, हॉर्न होता, पण त्यातलं काहीही मला स्वतःला वापरता येत नाही. काठावरच्या माणसांनी दोर टाकून आम्हाला ओढून काढलं. माणसं वाचली. माझ्या चासीला मात्र डाव्या बाजूला, केबिनच्या जरा मागे, भेग गेली.

दुसऱ्या दिवशी हसनने ती वेल्ड केली, वर लोखंडी प्लेट मारली, काळा रंग फासला. अर्बाबला सांगितलं, मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. अर्बाबने विश्वास ठेवला आणि नवा पाटा आणवला. त्या पाट्याची मला आजही लाज वाटते.

मग आला अर्बाबचा मुलगा अझ्झान, कॉलेज संपवून, बावीस वर्षांचा. मी भंगारात जायची तयारी करून बसले होते, तर हा मोबाइलवर चित्रं दाखवत म्हणाला, हिची हॉट रॉड करायची. म्हणजे काय, तर छत कापून बुटकं करायचं, पुढची बाजू खाली बसवायची, बॉनेट काढून टाकायचं आणि आठ सिलिंडरचं इंजिन उघडं मिरवायचं. या वयात असला नट्टापट्टा! पण खोटं कशाला बोलू, मी मनातून सुखावले.

सव्वा वर्ष काम चाललं. हसनने छत चार इंच कापून इतक्या सफाईने जोडलं की सांधा शोधून सापडेना. हौदा आखूड झाला, अंगावर डाळिंबी रंग चढला. खल्फान आता सत्तरीचा. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर तो प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "इसी में अझ्झान को अस्पताल से घर लाया था."

चासीला मात्र हसनने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जुन्या प्लेटवर त्याने आणखी एक जाड प्लेट मारली. इंजिन जड आहे, मजबुती हवी, असं अझ्झानला सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. भेग प्लेटखालीच आहे अशी त्याची समजूत. ती सहा वर्षांत आतल्या अंगाने, काळ्या रंगाखालून, प्लेटच्या पुढे सरकत आली होती, हे मला एकटीला ठाऊक. नवं इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझी भेग आणखी बोटभर उघडत होती. मी कण्हत होते. त्यांना तो गाडीचा आवाज वाटला, आणि आवाजावर तर सगळे खूश होते.

परवा, गुरुवारी दुपारी, रहिमा डबा घेऊन आली. बरोबर मुनिबा, आता बारा वर्षांची, इथल्या भारतीय शाळेत शिकते. अझ्झान तिला म्हणाला, "मुनिबा, कल सुबह पहला राइड तेरा. रुस्ताक रोड!"

"अब्बा, मी फ्रंटला बसणार! प्लीज?"

अझ्झान हात धुवायला गेला तसं रहिमाने हळूच विचारलं, "तुमी त्याला सांगितलात काय?"

"प्लेट मारलीय मी. डबल."

"प्लेटचा नाय विचारलं मी."

"आता सांगून काय? व्हिसा जाईल. हिची शाळा जाईल."

"बरं. एवढा भरवसा हाय प्लेटवर, तर बसवा हिला पुढं."

हसन माझ्या दारावर हात ठेवून उभा राहिला. मुनिबासाठी दार मात्र त्याने उघडलं नाही. मग तो तिला म्हणाला, "तू घरी जा बाळा, अम्मीबरोबर." आणि खल्फान येऊन खुर्चीवर बसला तसा तो त्याच्यापुढे जमिनीवर बसला.

त्याने सगळं सांगितलं. रुस्ताक, वादी, धोंडा, पाटा. खल्फानने मध्ये एकदाच विचारलं, "बच्ची साथ में थी?"

"थी, अर्बाब."

"मांगता, तो मैं ना बोलता?"

खल्फान उठला. "खलास. काट दो," म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला. तेव्हापासून खुर्ची रिकामी आहे.

अझ्झानचं दुःख वेगळं. मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, त्यातला नंबर माझ्या चासीवर कोरलेला. दुसरी चासी घातली तर ती दुसरीच गाडी, बापाची नव्हे. त्याने वाकून प्लेटवर हातोडी मारून पाहिली. प्लेट खणखणीत वाजली.

"ठीक तो है! हसन, तब झूठ बोला था, कि अब बोलता है?"

"क्रॅक था, छोटे अर्बाब. अब है कि नहीं, मालूम नहीं."

"मालूम नहीं, और मेरा गाडी काटेगा?"

भेग माझ्या अंगात होती, प्लेटखाली, उघडी, आणि मला एक शब्द काढता येत नव्हता. महिनाअखेरीला हसनच्या व्हिसाचे कागद सहीला जायचेत. सही आता अझ्झानची असते. त्याबद्दल विचारलं तर तो नुसतं "देखेंगे" म्हणाला.

बापाच्या शब्दापुढे अझ्झानचं चाललं नाही, काल हसनने माझी केबिन उतरवली. काम करताना स्वतःशीच पुटपुटत होता, "धरली असती काय प्लेट? उगाच बोललो काय मी?" अरे, नसती धरली! रुस्ताकच्या पहिल्या वळणावर मी दुभंगले असते आणि पुढे तुझी पोर बसलेली असती. तू बोललास म्हणून ती आज घरी सुखरूप आहे. हे जगात मला एकटीला माहीत आहे, आणि मला तोंड नाही.

मला मरायचं दुःख नाही असं म्हणणार नाही. आहे. डाळिंबी रंगात एकदा रस्त्यावरून जायचं होतं. पण ते राहू दे. माझं मागणं एवढंच, की पहिला काप प्लेटवरून घ्या. भेग दिसेल. अझ्झान बघेल, म्हाताऱ्याला बोलावून आणेल, आणि हसन परत स्वतःला कधी विचारणार नाही, की मी उगाच बोललो काय.

डबल प्लेट कापायला गॅस फार लागतो, म्हणून त्याने रेघ प्लेटपासून दोन विती पुढे मारलीय. भेग एक वीत पुढे आलीय. मधे वीतभर जागा आहे, तेवढ्यानेच कटर भेगेला चुकवणार. तुम्ही कुणी जवळपास असाल तर त्याला सांगा हो.

आला तो. काळा चष्मा लावतोय. खाली वाकलाय. खिशातून खडू काढून त्याने तीच रेघ पुन्हा एकदा गडद केली.