हफ्त्यातली सातवी चीज

न विचारता सवरता आजीला बाजारात मांडणारा नातू सुशीलाबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाहिला तो आपल्याच घरातला, आपल्याच मांडीवर वाढलेला. आणि त्याची करणी आता खाली गल्लीत उभी राहून वर बघत होती.

"काय बघायलाव रे? बाई माणूस बघितलं नाही का कधी?" कठड्यावरून वाकून त्या ओरडल्या.

खालच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोन वर धरला. "अम्मा शुरू हो गए रे!"

"मेरे कू भी एक गाली देव ना अम्मा," एक चष्मेवाली पोरगी हात जोडून म्हणाली. "कल परीक्षा है मेरी."

"तुला शिव्या द्यायला तुझ्या आईचं तोंड शिवलंय का?"

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. सुशीलाबाईंच्या ज्या तोंडाला हैदराबादच्या गौलीगुड्यातले भाजीवाले टरकून असत, ते तोंड आज कुणाला लागतच नव्हतं. काय बोलाल ते खेळात जमा. कचऱ्याची बादली रिकामी केली असती तरी यांनी ती प्रसाद म्हणून घेतली असती.

तेवढ्यात गर्दीत मागून एकानं हाळी दिली. "एकनाथराव! ओ एकनाथराव! जवाब देव ना!"

मग सगळेच ताल धरून ते नाव घ्यायला लागले.

सुशीलाबाई कठड्यावरून मागं सरल्या. लग्नात घास भरवताना आणि पुढं हळदीकुंकवाला उखाण्यात, एवढंच ते नाव त्यांनी घेतलेलं. एरवी आयुष्यभर 'अहो' आणि 'ऐकलं का'. आणि ही कुठली कोण पोरं, दात काढत, भर रस्त्यात ते नाव उडवत होती. त्या आत आल्या, दार लावून घेतलं. दारातून नाव येतच राहिलं.

एकनाथराव मलकपेठच्या बाजारात मिरचीच्या अडतीवर, काट्यापाशी उभे राहून म्हातारे झाले. दिवेलागणीला घरी येत, अंगाला तिखटाचा खकाणा. चपला काढायच्या, दाराजवळच्या स्टुलावर टेकायचं, खिशातला अडकित्ता काढायचा. मग सुशीलाबाईंचं सुरू. दुधातलं पाणी, नळाची वेळ, नणंदेचा तोरा, नव्या सुनेचं पांचट वरण, आणि सरतेशेवटी खुद्द त्यांचाच वेंधळेपणा. बाई दुसरीपलीकडे शाळेत गेली नव्हती, पण बोलायला लागली की अख्खा दिवस ओळीनं उभा करायची. ते कधी उलट बोलले नाहीत. मुद्द्याची जागा आली की सुपारी फुटायची. कट्. म्हणजे ऐकलं. कट् कट् म्हणजे आता पुरे, भूक लागली.

ते गेले. तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी भालकी-उदगीरला परतले, आणि त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावून वळताना सुशीलाबाई सवयीनं बोलून गेल्या, "गेलात ते गेलात, छत्री कुठं ठेवली एवढं तरी सांगून जायचं का नाही?"

रिकाम्या स्टुलाकडून आवाज आला. कट्.

अडकित्ता पेटीत होता. त्यांच्या टोपीखाली, कुलपात. किल्ली सुशीलाबाईंच्या कमरेला. दुसरी एखादी किंचाळली असती. सुशीलाबाईंनी पदर सावरला आणि पुढचं बोलायला घेतलं. त्या दिवसापासून दिवेलागण कधी चुकली नाही. सून रंजना स्वयंपाकघरात ऐकायची आणि म्हाताऱ्या जिवाला तेवढाच विसावा म्हणून गप्प राहायची. तिला ते कट् ऐकू येत नसावं, किंवा आलं तरी कुकरच्या शिट्टीत बुडत असावं. सुशीलाबाईंनीही कुणाला सांगितलं नाही. नवराबायकोतली गोष्ट चारचौघांत सांगायची रीत त्यांच्या घरात नव्हती.

रंजनाचा मुलगा कुलदीप, आता वेगळा राहणारा. लोकांना हसवणं हाच त्याचा धंदा. हॉटेलांत, हॉलमध्ये माइक घेऊन उभा राहतो आणि लोक तिकीट काढून हसायला येतात, हे सुशीलाबाईंना आधी खरं वाटेना. पण दर शुक्रवारी तो फोनवर व्हिडिओ टाकून 'हफ्ते की सात चीजां' सांगायचा, ते त्यांना आवडायचं. या आठवड्यात काय बघा, काय ऐका, कुठं जाऊन हसा. मलकपेठेतल्या एका शिंप्याची पाटी, गिऱ्हाइकाची ऑर्डर शेरोशायरीत ओरडणारा चहाच्या हॉटेलातला पोऱ्या, कुठला जुना सिनेमा, कुठलं पुस्तक. तो सांगायचा आणि लोक जायचे. "आमच्या कुलदीपनं बोट दाखवलं की तिकडं रांग लागते," असं सुशीलाबाई जिन्यात भेटेल त्याला ऐकवायच्या.

एकदा त्यानं विद्यानगरातल्या एका पोपटाबद्दल सांगितलं. दारावरची घंटी वाजली की तो पोपट मालकिणीच्या आवाजात "घर पे नै हैं" म्हणायचा. लोकांनी घंटी वाजवून वाजवून बेजार केलं आणि महिन्याभरात पोपट मुका झाला. "दृष्ट लागली मेल्याला," म्हणून सुशीलाबाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

मागल्या पंधरवड्यात कुलदीप घरी आला, आणि दिवेलागणीला त्यानं दाराजवळ फोन चार्जिंगला लावला, रेकॉर्डिंग चालू ठेवून. त्या शुक्रवारी सातवी चीज निघाली ती हीच. 'माझी आजी रोज संध्याकाळी माझ्या आजोबांना झापते. आजोबा वारून दोन वर्षं झाली. एकनाथराव अजून एकही भांडण जिंकलेले नाहीत.' पुढं आजीचा आवाज, आणि पत्ता नाही तरी बसस्टँडमागची गल्ली. एवढ्यावर हैदराबादच्या पोरांना घर सापडायला कितीसा वेळ लागतो!

लोक आले त्या पहिल्याच संध्याकाळी कट् आलं नाही.

सुशीलाबाईंना वाटलं, गलक्यात ऐकू आलं नसेल. दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या लावून त्या बोलल्या. नाही. मग हळू आवाजात बोलल्या, मग स्टुलाच्या अगदी जवळ जाऊन. नाही. शेवटी त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. चार शब्द गोड बोलून बघितलं. "थकला असाल. बसा." स्वतःच्याच आवाजाची त्यांना भीती वाटली. स्टूल नुसतं स्टूल होऊन बसलं होतं. आधी रिकामं होतं तेव्हाही ते असं कधी दिसलं नव्हतं.

रविवारी कुलदीप आला. खालच्या गर्दीनं त्याला ओळखलं, खांद्यावर थापा मारल्या. वर आला तो तोंडभर हसत.

"आजी, तू तर हिट झालीस! माझ्यापेक्षा जास्त लोक तुलाच बघायलेत."

"कुणाला विचारून केलास?"

"अगं सरप्राइज होतं..."

"कुलदीप," रंजना आतून म्हणाली, "पाया पड आधी, मग बोल."

तो वाकला. सुशीलाबाईंनी पाय मागं घेतले. "दाव मला. काय दावलास लोकांना, ते मलाही दाव."

त्यानं फोन समोर धरला. सुशीलाबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला, वाटला त्याहून म्हातारा. "...आणि त्या गॅसवाल्याला तुम्हीच तोंड वर करून बोलायला शिकवलात. लाडावून ठेवलात मेल्याला."

कट्.

सुशीलाबाई गर्रकन स्टुलाकडे वळल्या.

"हे! हेच!" कुलदीप म्हणाला. "सगळे विचारायलेत, हा आवाज कसला म्हणून. पाल असेल. पण टायमिंग बघ आजी, मला स्टेजवर जमणार नाही असलं."

"परत लाव."

त्यानं लावलं. कट्.

"परत."

चौथ्या खेपेला त्याचं हसू उतरलं. सुशीलाबाई फोनकडे बघत नव्हत्या. त्या दाराजवळच्या स्टुलाकडे बघत होत्या. आवाज मात्र कुलदीपच्या हातातून येत होता.

त्या उठल्या. पेटी उघडली, टोपी बाजूला केली आणि अडकित्ता काढून त्याच्या हातावर ठेवला. पितळी मुठीचा, पाती गंजून एकमेकींना चिकटलेली. कुलदीपनं उघडायला जोर लावला. उघडेना.

"दोन वर्षं कुणी हात लावला नाही त्याला," सुशीलाबाई म्हणाल्या. "तरी रोज वाजायचा. तू लोकं बोलावलास तसा बंद झाला. आता तुझ्या त्या डबड्यात तेवढा उरलाय."

कुलदीपला आजोबांची सुपारी आठवत होती. लहानपणी या स्टुलाशी उभं राहून त्यानं सुपारीचे तुकडे चोरून खाल्ले होते. त्यानं पुन्हा अडकित्त्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. मानेवरून हात फिरवला.

"डिलीट करतो," तो म्हणाला. "आत्ता करतो. सगळ्यांना सांगतो, इकडं येऊ नका."

"आणि पुसलास तर हेही जाईल."

"मग तुझ्यापुरतं ठेवतो. तुझ्या फोनवर घालून देतो. रोज संध्याकाळी लाव."

"म्हणजे रोज तेच गॅसवाल्याचं बोलायचं मी?"

कुलदीपनं फोन खाली घेतला. खाली अंधारून आलं होतं, दिवे लागले होते, आणि ताल धरून नाव घेणं पुन्हा सुरू झालं होतं. रंजनानं देवापुढं निरांजन लावलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"आजी, खरं सांगू?" कुलदीपचा आवाज आता स्टेजवरचा नव्हता. "मी हसायला नाही टाकलं ते. म्हणजे, हसायला टाकलं, पण... तू इथं एकटीच बोलत बसायचीस. मला बघवायचं नाही. वाटलं, कुणीतरी ऐकावं तुझं."

सुशीलाबाईंनी त्याच्या हातातून अडकित्ता काढून घेतला. पदराच्या टोकानं पुसला आणि रिकाम्या स्टुलावर ठेवला. मग नातवाकडे वळल्या. आवाज चढला नाही. हे तोंड इतकं हळू बोललेलं रंजनानं कधी ऐकलं नव्हतं.

"एकटी कुठं होते रे मी? पन्नास वर्षं माझं बोलणं अर्धवट टाकून तो माणूस कधी जागचा हलला नाही. मेला, तरी हलला नाही. तू उठवलास त्याला, कुलदीप."