हसत फेकलेला गोळा

चिमीच्या मोबाइलमध्ये तिच्या गोळाफेकीचे एकेचाळीस व्हिडिओ होते. आता तीन उरले. बाकीचे अडतीस आईनं पुसायला लावले, आणि कारण दर वेळी एकच: तोंड!

"अगं, दात विचकून ओरडतेस काय? चारचौघांनी बघितलं तर काय म्हणतील?" आई म्हणायची. "ती मालिकेतली खेळाडू बघ. मैदानभर धावते, पण केसाची बट हलत नाही!"

पोरीनं ते मनावर घेतलं. आरशासमोर सराव करून ती ओठ मिटून, गोड हसत गोळा फेकू लागली. नऊ मीटरला टेकलेला गोळा आठच्या आतच बसकण मारू लागला. संघात जायला नऊ मीटर हवे होते, आणि निवड रविवारी होती.

चिमीकडून मालिकेतल्या त्या खेळाडूसकट सगळं काढून घेऊन शनिवारी प्रशिक्षक मॅडमनी आईला मैदानावर बोलावून घेतलं.

"ताई, कोपऱ्यातला तो लहान रोलर जरा ढकला बरं. पण हसत!"

"मी?"

"समोर कॅमेरा आहे असं समजा."

आई गोड हसली आणि तिनं रेटा दिला. रोलर ढिम्म! पुन्हा हसली, पुन्हा तेच. चिमी खुसखुसली, तशी आई इरेला पेटली. तिनं दातओठ खाल्ले, नाकपुड्या फुगल्या, घशातून "हुंऽऽ" निघालं, आणि रोलर चालू लागला!

"आई, तोंड बघ तुझं!" चिमीनं मोबाइल पुढे धरला.

"पुसून टाक ते आधी..." म्हणता म्हणता आई थबकली. लेकीकडे बघतच राहिली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, पडद्यावरच्या त्या मुलीला फक्त दिसायचं असतं. आपल्या मुलीला गोळा लांब फेकायचाय."

"चिमे," आई म्हणाली, "उद्या हवं तेवढं तोंड वाकडं कर. व्हिडिओ मी स्वतः काढते. मामाला, आत्याला, सगळ्यांना पाठवू!"

"आणि तुझा?"

"माझा तेवढा नको गं बाई!"

मंडळी, मुलींनी सदा छान दिसावं असं पडदा सांगतो, आणि घरोघरी आपण त्याचीच री ओढतो. जीव तोडून जोर लावणाऱ्या मुलीचं तोंड वाकडं होणारच. ते कौतुकानं बघायची सवय आपणच लावून घ्यायला हवी.

रविवारी चिमीची तिसरी फेक मोजली गेली: नऊ मीटर, सहा सेंटिमीटर.